दसऱ्याला घरचा झेंडू, तोही कॅलगरीत? (प्रेअरीतली हंगामी फुलबाग)

वाफेवाली | ६ मार्च २०२६, २१:४०

यंदा अधिक ज्येष्ठ आलाय, त्यामुळे सगळे सण लांबले. गणपती १४ सप्टेंबरला, दसरा थेट २० ऑक्टोबरला. आमच्या कॅलगरीत (कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानी मुलखात) पहिला फ्रॉस्ट, म्हणजे झाडं गोठवणारी रात्र, सरासरीने सप्टेंबरच्या मध्यावरच येतो. म्हणजे गणपतीला हारापुरती फुलं मिळतील, पण दसऱ्याला दारावर घरच्या झेंडूचं तोरण?

प्रश्न सरळ आहे. प्रेअरीत कुणी दसऱ्यापर्यंत झेंडू नेलाय का? नेला असेल तर कसा?

घर शहराच्या वायव्येला, नदीपासून वर टेकाडावर. मागच्या अंगणात दक्षिणेचं ऊन. माती चिकण आणि अल्कधर्मी, वाळली की फावडं परत पाठवते. मेच्या लाँग वीकेंडआधी बाहेर काही लावायचं नाही हा इथला दंडक पाळते. पेटुनिया, पॅन्सी, स्नॅपड्रॅगन, कॉसमॉस दरवर्षी छान होतात. झेंडूही होतो, पण बी भारतातून आणलेलं असेल तर ऑगस्ट संपेपर्यंत नुसता पाला, कमरेइतकं झाड आणि कळीचा पत्ता नाही. इथल्या नर्सरीतला बुटका जूनमध्येच फुलतो, मग पहिल्या फ्रॉस्टला एका रात्रीत काळा.

अनुभवी लोकांनी लिहा. बाकी हंगामी फुलांबद्दल लिहिलंत तरी चालेल.

आळशी_अजगर | ६ मार्च २०२६, २१:५२

प्लास्टिकचा झेंडू. गराजमध्ये खोका आहे. फ्रॉस्टप्रूफ, गारप्रूफ, सासूबाईप्रूफ. धागा बंद करायला हरकत नाही.
(दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

वाफेवाली | ६ मार्च २०२६, २२:०५

अजगरदादा, दिवे घेतले. पण सासूबाईप्रूफ नाहीये हो. त्या व्हिडिओ कॉलवर तोरण जवळ धरायला सांगतात.

पुण्याचा_पाऊस | ७ मार्च २०२६, ०१:१४

एक बाळबोध शंका. तिकडे झोन असतात ना? झोन बघून झाडं निवडायची असं वाचलंय. कॅलगरीच्या झोनला झेंडू चालतो का, हे आधी बघायला नको?

निवांत_नाना | ७ मार्च २०२६, ०८:३०

पाऊसराव, झोन हा बहुवर्षायू झाडांचा मामला. जमिनीत राहून झाड हिवाळा काढेल की नाही, एवढंच तो सांगतो. कॅलगरीला ४अ धरतात, सस्काटूनला ३. झेंडू एका मोसमाचा पाहुणा, त्याला झोनशी देणंघेणं नाही. त्याच्यासाठी शेवटच्या आणि पहिल्या फ्रॉस्टमधले दिवस मोजायचे. कॅलगरीत ते ११० ते १२० च्या घरात, आणि तेही कागदावर. इथे जूनमध्ये बर्फ पाहिलाय. सप्टेंबर २०१४ मध्ये, गणपती विसर्जनाच्या सुमारास, असा ओला बर्फ पडला की हिरव्यागार पानांनी भरलेल्या झाडांच्या फांद्या वजनाने फाटल्या. रस्तोरस्ती फांद्यांचे ढीग होते.

आता वाफेवालीचं दुखणं. देशी झेंडू फुलत नाही याचं मुख्य कारण थंडी नाही, उजेड आहे. मोठ्या फुलांचा झेंडू, ज्याला उगाच आफ्रिकन म्हणतात (मूळचा मेक्सिकोचा), तो दिवस लहान झाले की पटकन कळी धरतो. २१ जूनला आपल्याकडे साडेसोळा तासांचा दिवस. तेव्हा झाड उंची वाढवत बसतं. ऑगस्टच्या शेवटी कळ्या दिसायला लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत फ्रॉस्ट दारात. बुटका फ्रेंच झेंडू दिवसाच्या लांबीची फार पर्वा करत नाही. आफ्रिकनमध्येही बुटक्या संकरित जाती आहेत, त्या लांब दिवसांतही फुलतात. पाकिटावर उंची ३० सेंटिमीटरच्या आसपास असेल तीच घ्यायची.

पहिला फ्रॉस्ट म्हणजे मोसम संपला असं मात्र नाही. त्यानंतर पुष्कळदा दोन-तीन आठवडे दिवसा वीसच्या वर जातं. ती एक-दोन रात्रींची खिंड लढवायची. संध्याकाळी आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवामानखातं रात्रीचं ३-४ अंश सांगत असेल तरी जमिनीलगत शून्य होऊ शकतं. दुपारी मातीला पाणी द्या, ओली माती ऊब जास्त धरते. ऊन उतरायच्या आत जुनी चादर टाका, कडा जमिनीपर्यंत सोडा, सकाळी काढा. प्लास्टिक टाकलंत तर ते पानांना टेकू देऊ नका, टेकेल तिथे पान करपतं. उणे एक-दोन अशाने निघून जातं. उणे पाचला चादर काय, दुलईही उपयोगाची नाही.

आणि तू टेकाडावर आहेस, हे भाग्य समज. थंड हवा नदीकाठच्या सखल भागात साचते, तिथे फ्रॉस्ट आधी येतो.

सस्काटूनची_सई | ७ मार्च २०२६, १०:११

नानांचं सगळं मान्य, पण चादरीच्या भरवशावर २० ऑक्टोबर? निदान सस्काटूनमध्ये विसरा. मी कॅलेंड्युला लावते. रंग तोच केशरी-पिवळा, थंडी आवडते, उणे तीनपर्यंत हूं की चूं करत नाही. बी सरळ जमिनीत मेच्या सुरुवातीला. उन्हाळ्यात जरा मरगळतो, तेव्हा निम्मा छाटायचा, की सप्टेंबरमध्ये नव्या जोमाने येतो.

वाफेवाली | ७ मार्च २०२६, १०:४०

सई, त्याचं तोरण होतं का पण? मी एकदा ओवायला घेतला तर बोटं चिकट झाली आणि संध्याकाळी फुलं मिटली.

सस्काटूनची_सई | ७ मार्च २०२६, १०:४८

तोरण नाही होत. देवापुढे वाटीत ठेवायला ठीक. चिकट तर असतोच, खरं आहे.

विनिपेगचा_वऱ्हाडी | ७ मार्च २०२६, ११:२०

तुम्ही कॅलगरीवाले काहून एवढं रडता बाप्पा? आमच्या विनिपेगात हिवाळ्यात उणे पस्तीस होते, पण उन्हाळा म्हणजे उन्हाळा. रात्री पण गरम. झेंडू असा फुलते की शेजारी मागायला येतात. अगासी नावाचं जुनं हिमयुगातलं सरोवर होतं इकडे, त्याच्या तळची काळी चिकण माती आहे आमची. आपल्या विदर्भातल्या काळीसारखीच तडकते पण, वाळली की.

फक्त मच्छर मोजायचे नाहीत.

निवांत_नाना | ७ मार्च २०२६, १२:०२

वऱ्हाडीभाऊ, त्यात तथ्य आहे. कॅलगरी हजार मीटरच्या वर आहे. जुलैत दिवसा २५ आणि रात्री ९-१० हे नेहमीचं. झेंडू, झिनिया, तेरडा यांना अशा रात्री आवडत नाहीत. उलट स्वीट पी, पॅन्सी, स्नॅपड्रॅगन यांची चंगळ. टोरंटोची मंडळी जुलैत आमच्या पॅन्सी बघून चकित होतात, त्यांच्याकडे तोवर उन्हाने जळालेल्या असतात.

आणि हिवाळा तुमचा जास्त कडक, पण झाडांच्या दृष्टीने तुमचाच बरा. तुमच्याकडे नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत पांघरुणासारखा राहतो. आमच्याकडे चिनूक येतो. रॉकीज उतरून आलेला कोरडा गरम वारा, जानेवारीत उणे वीसवरून काही तासांत अधिक आठ-दहा. बर्फ वितळतो, वाफा उघडा पडतो, चार दिवसांनी पुन्हा उणे वीस. मुळं थंडीने मरत नाहीत तेवढी या उघडझाकीने आणि कोरडेपणाने मरतात. म्हणून ऑक्टोबरात जमीन गोठायच्या आधी भरपूर पाणी द्यायचं आणि जमीन गोठल्यावर, आधी नाही, वर पालापाचोळ्याचा जाड थर घालायचा. थर घालायचा तो ऊब यावी म्हणून नाही. जमीन गोठलेलीच राहावी म्हणून.

पुण्याचा_पाऊस | ७ मार्च २०२६, १४:३५

जमीन गोठलेली राहावी म्हणून पांघरूण! नाना, हे वाचून पुण्यात स्वेटर काढून ठेवला.

रानजाई | ७ मार्च २०२६, १९:१५

एडमंटनहून. धाग्यात तेरड्याचा उल्लेख आला म्हणून थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. आमच्याकडे माहेरी तेरड्याची गौर. मुळांसकट झाड, मुळं म्हणजे गौरीची पावलं. इकडे ओढ्याकाठी गुलाबी फुलांचं, डोक्याइतकं उंच, शेंग हात लावताच फुटणारं झाड दिसतं. ओळखीच्या दोघींनी ते "आपला तेरडा" म्हणून घरी लावायचं ठरवलं होतं. नका लावू! तो हिमालयन बाल्सम, तेरड्याचा चुलतभाऊ. आपल्या आल्बर्टा प्रांताच्या तण कायद्यात तो सगळ्यात वरच्या, प्रतिबंधित वर्गात आहे. दिसला तर नष्ट करणं जमीनमालकावर बंधनकारक आहे. शेंग फुटली की बी लांब उडतं, वाहत्या पाण्याने पसरतं, ओढ्याकाठचं बाकी सगळं मरतं.

आपला बागेतला तेरडा वेगळा, तो लावायला बंदी नाही. घरात एप्रिलच्या मध्यावर पेरा, जूनच्या पहिल्या आठवड्यात बाहेर, दक्षिणेच्या भिंतीशी, मोठ्या कुंडीत. गौरीला मुळांसकट हवा असेल तर कुंडी बरीच. रात्री उचलून आत ठेवता येते.

त्याच कायद्यात इतरही ओळखीची मंडळी आहेत. शास्ता डेझीसारखी दिसणारी ऑक्सआय डेझी, बुकेत घालतात ती जिप्सोफिला (बहुवर्षायू जात), आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्रीपिंग बेलफ्लॉवर. जांभळ्या घंटा, दिसायला गोड, खाली गाजरासारखी पांढरी मुळं. एक तुकडा राहिला तरी पुन्हा उगवतं. "रानफुलांचं मिश्रण" म्हणून विकतात ती पाकिटं यादी वाचल्याशिवाय घेऊ नका.

आळशी_अजगर | ७ मार्च २०२६, १९:३०

म्हणजे मी जी जांभळी फुलं "काही न करता येतात" म्हणून कौतुकाने वाढवतोय...

रानजाई | ७ मार्च २०२६, १९:३३

फोटो टाका.

आळशी_अजगर | ७ मार्च २०२६, १९:३४

नको. कायद्याचं काम आहे.

माणदेशी_मळा | ८ मार्च २०२६, ०७:०५

राम राम मंडळी. मी फलटण भागातला. प्रेअरी काय असती मला ठाऊक नाही, पण झेंडू दरसाल करतो म्हणून लिहितो.

आमच्याकडं दसऱ्याचा माल म्हणजे दसऱ्यापासनं उलटं मोजायचं. रोप वीस-पंचवीस दिवसांचं. लागणीपासनं पहिला तोडा जातीप्रमाणं ४५ ते ६० दिवसांत. म्हणून एरवी लागण जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. यंदा अधिक मास, तवा सगळ्यांनीच लागण पुढं ढकलायला पाहिजे. पण कॅलेंडर न बघता लावणारे असत्यात, त्यांचा माल सप्टेंबरात निघतो आणि मार्केट यार्डात तो कुणी विचारत नाही.

ताईंनी कुठलं बी नेलं त्यावर सगळं आहे. पूसा नारंगी असंल तर ती पेरल्यापासनं फुलाला १२० दिवसांच्या पुढं जाती. तुमचे दिवसच ११०, मग ती सापडणारच. शेंडा खुडायची सवय असंल तर तीबी तिकडं मोडा. खुडल्यानं फांद्या वाढत्यात, फुलं जास्त, पण आठ-दहा दिवस मागं जातं. आमच्याकडं तेवढी सवड असती.

आणि एक विचारू का? मे मध्ये लावलेलं झाड ऑक्टोबरपर्यंत जगवायचा हट्ट कशापायी? ते झाड तवर म्हातारं झालेलं असतं. दसऱ्यासाठी दसऱ्याचीच लागण करावी. पहिलं गणपतीला वापरा आणि मोकळं व्हा.

वाफेवाली | ८ मार्च २०२६, ०८:५०

माणदेशी दादा, हे मला सुचलंच नव्हतं. म्हणजे दुसरी पेरणी जुलैमध्ये, कुंड्यांत?

सस्काटूनची_सई | ८ मार्च २०२६, ०९:२०

कुंड्यांतच, आणि कुंड्या चाकांच्या फळीवर. आमची बहुतेक हंगामी फुलं याच कारणाने कुंड्यांत आहेत. रात्री गराजमध्ये ढकलायच्या, सकाळी बाहेर. एक ध्यानात ठेव, इथल्या कोरड्या हवेत आणि वाऱ्यात कुंडी फार लवकर सुकते. जुलैत रोज पाणी, वारा सुटला तर टांगत्या कुंड्यांना दोनदा. वर्षाचा पाऊस आमच्याकडे ३५० मिलिमीटरच्या आसपास, पुण्याच्या निम्माही नाही. छपराचं पाणी पिंपात साठवलं तर झाडांनाही मानवतं, नळाचं पाणी इकडे जड.

निवांत_नाना | ८ मार्च २०२६, ०९:४४

पिंपाला अनुमोदन. जून २०२४ मध्ये कॅलगरीची मोठी जलवाहिनी फुटली तेव्हा कित्येक दिवस बागेला नळाचं पाणी घालायला बंदी होती. पिंपवाल्यांच्याच पेटुनिया जगल्या.

लगे हाथ गारांचंही सांगतो. १३ जून २०२० ला ईशान्य कॅलगरीत टेनिस बॉलएवढ्या गारा पडल्या, ५ ऑगस्ट २०२४ ला पुन्हा तोच भाग आणि विमानतळ. घरांच्या भिंतींना भोकं पडली तिथे फुलांचं काय घेऊन बसलात. जूनमध्ये गार पडली तर झेंडू, पेटुनिया उपटू नका. फाटलेला पाला छाटा, पाणी द्या, तीन-चार आठवड्यांत पुन्हा येतात. ऑगस्टमध्ये पडली तर त्या वर्षाचा हिशेब मिटला. वाफ्यावर कमानी लावून बारीक जाळी ताणणारे लोक आहेत. बाग मच्छरदाणीत बसवल्यासारखी दिसते, पण फुलं राहतात.

विनिपेगचा_वऱ्हाडी | ८ मार्च २०२६, १०:०२

मच्छरदाणी आमाले पाहिजे, गारांसाठी नाही.

पुण्याचा_पाऊस | ८ मार्च २०२६, १०:३०

हिशेब करून बघतो, आकडे चुकले तर सांगा. दसरा २० ऑक्टोबर. कुंडीत, थंड रात्री, मंद ऊन, म्हणजे माणदेशींच्या हिशेबावर दोन-तीन आठवडे वाढवा. बुटका आफ्रिकन पेरणीपासून बारा आठवडे धरला तर पेरणी २५ जुलैच्या आसपास. ऑगस्टमध्ये दिवस आपोआप लहान होत जातील, म्हणजे नाना म्हणतात तो उजेडाचा अडथळाही नाही. बरोबर?

आता संख्या. एका दाराच्या तोरणाला ४०-५० फुलं, मध्ये पानं घातली तर तीस. एका कुंडीत एका वेळी पाच-सहा चांगली फुलं मिळाली तर आठ ते दहा कुंड्या. अंगण नाही, नर्सरी झाली ही.

आळशी_अजगर | ८ मार्च २०२६, १०:४१

दहा कुंड्या, माती, खत, चाकं, दिवे, वीज. भागिले तीस फुलं. देशी दुकानातला झेंडू महाग म्हणून ओरडणाऱ्यांनी हा भागाकार फ्रिजवर लावावा.

वाफेवाली | ८ मार्च २०२६, ११:१५

भागाकार करायचा असता तर मी ॲक्वेरियम पाळलं असतं.

पाऊसराव, हिशेब पटला. पण सप्टेंबरअखेर ते २० ऑक्टोबर कुंड्या कुठे? गराजला खिडकी नाही.

सस्काटूनची_सई | ८ मार्च २०२६, ११:५०

फुलं धरल्यावर गराजमध्ये रात्रीपुरतंच. ऑक्टोबरात दिवसा ८-१० अंश आणि ऊन असलं तर बाहेर काढायच्या. अगदीच वाईट आठवडा आला तर बेसमेंटमध्ये साध्या एलईडी ट्यूबखाली, पानांपासून वीतभर उंचीवर. बारा तासांच्या वर दिवा लावू नको, नाहीतर जूनसारखाच प्रकार, पाला वाढेल आणि कळी थांबेल. कळ्या आधीच धरलेल्या असतील तर तेवढी चिंता नाही.

घरात आणायच्या आधी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मार. हीटिंग सुरू झालं की घरातली हवा खणखणीत कोरडी होते आणि झेंडूवर कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) फार लवकर पडतात. बारीक जाळं आणि पिवळे ठिपके दिसले की ते. बाकी घरातल्या झाडांनाही लागतात, म्हणून कुंड्या तुळशीशेजारी ठेवू नको.

निवांत_नाना | ८ मार्च २०२६, १३:०५

सगळं मान्य, तरी माझं मत वेगळं. बेसमेंटात दिवे लावून झेंडू कशाला? शेवंती लावा. ती मुळातच लहान दिवसांत फुलणारी, थोडा फ्रॉस्ट सोसते, आणि तोरणात झेंडूच्या जोडीने आपल्याकडे असतेच की. मॅनिटोबात मॉर्डनच्या सरकारी संशोधन केंद्राने प्रेअरीसाठी शेवंतीच्या जाती काढल्या, प्रेअरीच्या थंडीत टिकणारे गुलाबही तिथलेच. इथल्या मातीत जे येतं ते लावावं, एवढंच म्हणणं.

डब्ल्यू. आर. रीडर म्हणून गृहस्थ होते, १९१३ ते १९४२ कॅलगरीच्या उद्यान खात्याचे प्रमुख. युनियन सिमेट्रीजवळच्या उघड्या टेकडीवर त्यांनी दगडी बाग केली आणि जगभरची झाडं लावून बघितली, जगलं कोण, मेलं कोण याच्या नोंदी ठेवल्या. ती बाग आजही आहे, रीडर रॉक गार्डन. फिरायला पैसे लागत नाहीत. मेअखेर ते जून जाऊन या आणि काय फुललंय ते बघून मगच नर्सरीत पाऊल टाका.

वाफेवाली | ८ मार्च २०२६, १३:४०

नाना, तुम्ही म्हणता ते बागेच्या दृष्टीने बरोबर आहे. पण मला दसऱ्याला झेंडूच हवाय. शेवंती झेंडूच्या जोडीला, झेंडूच्या जागी नाही. आणि "इथल्या मातीत जे येतं" म्हणाल तर इथल्या अंगणांतल्या पेटुनियाही दक्षिण अमेरिकेच्याच की! त्यांना कुणी विचारत नाही.

निवांत_नाना | ८ मार्च २०२६, १३:५८

हा मुद्दा बिनतोड आहे. माघार घेतो. पेटुनिया मलाही आवडत नाहीत, बादवे.

रानजाई | ८ मार्च २०२६, १६:२०

इथलं म्हणाल तर एप्रिलमध्ये कॅलगरीतल्या नोझ हिल टेकडीवर प्रेअरी क्रोकस बघायला जा. बर्फ जेमतेम वितळलेला, सुकलेल्या गवतात जांभळी फुलं, देठांवर रेशमी लव. बघायचा, खणायचा नाही. खणून आणलेला जगतही नाही सहसा, बी किंवा नर्सरीतलं रोप घ्यावं. सस्काचवानची राज्यफूल असलेली केशरी लिली तर तोडायलाही कायद्याने बंदी.

ट्यूलिप लावणाऱ्यांना एक सूचना, कंद सप्टेंबरअखेरीस लावा आणि ससे आहेत हे गृहीत धरा. कॅलगरीत रस्त्याने फिरणारे मोठे ससे ट्यूलिपची कोवळी पानं मुळापर्यंत फस्त करतात. डॅफोडिलला आणि ॲलियमला तोंड लावत नाहीत.

आळशी_अजगर | ८ मार्च २०२६, १६:४५

ससे क्रीपिंग बेलफ्लॉवर खातात का? मित्रासाठी विचारतोय.

रानजाई | ८ मार्च २०२६, १६:५०

थोडं खातात. पुरत नाही. तुमच्या मित्राला फावडं घ्यायला सांगा.

माणदेशी_मळा | ९ मार्च २०२६, ०६:४०

ताई, आणखी एक. फुलं तोडायची ती पूर्ण उमलल्यावर, सकाळी, दव वाळल्यावर. ओली फुलं ठेवली की काळी पडत्यात. कागदात गुंडाळून फ्रिजात आठवडाभर राहत्यात. म्हणजे तुमचा फ्रॉस्ट १२-१३ ऑक्टोबरला मोठा आला तरी आदल्या दिवशी तोडून ठेवता येतील. भाजीच्या कप्प्यात, पण सफरचंद-केळ्यापासनं लांब.

वाफेवाली | ९ मार्च २०२६, ०७:५५

सोन्यासारखी माहिती दादा. तर माझं ठरलं ते असं: मार्चअखेरीस बुटक्या आफ्रिकनची पहिली पेरणी घरात, ती गणपतीसाठी. २५ जुलैला दुसरी, थेट कुंड्यांत, सहाच कुंड्या, मध्ये आंब्याची पानं जास्त (ती देशी दुकानातून, त्याला इलाज नाही). शिवाय ऑगस्टमध्ये नर्सरीतून शेवंतीच्या दोन कुंड्या, नानांच्या मानासाठी. देशी बी यंदा लावणार नाही.

पुण्याचा_पाऊस | ९ मार्च २०२६, ०८:१०

देशी बी टाकून देऊ नका. २५ जुलैच्या पेरणीत एका कुंडीत लावून बघा. दिवस लहान होत असताना तेही लवकर कळी धरेल कदाचित. तुलना तरी होईल.

वाफेवाली | ९ मार्च २०२६, ०८:१८

हो, एक कुंडी त्याला. सात झाल्या.

विनिपेगचा_वऱ्हाडी | ९ मार्च २०२६, ०८:४०

एक इचारतो. तुमच्या मंडळाचा दसरा २० लाच असते का? आमच्या इकडे जवळच्या शनिवारी करतात. यंदा १७ का २४, अजून ठरलं नाही.

वाफेवाली | ९ मार्च २०२६, ०८:५२

घरचा २० ला. मंडळाचा हॉल मिळेल तेव्हा. पण मुद्दा खरा आहे, २४ ला असेल तर तोरण दोनदा लागेल.

आळशी_अजगर | ९ मार्च २०२६, ०८:५५

दुसऱ्यासाठी खोका गराजमध्येच आहे.

कुंडीतली_कमळा | ९ मार्च २०२६, २०:३०

छान धागा. मी रेजायनाला नवीन आहे. मोगऱ्याचं झाड मैत्रिणीने दिलंय, खिडकीत आहे, पानं पिवळी पडताहेत आणि कळी नाही. काय करू?

सस्काटूनची_सई | ९ मार्च २०२६, २०:४२

कमळाताई, स्वागत. आत्ता पाणी कमी करा, खत अजिबात नको, रेडिएटरपासून लांब ठेवा. मोगऱ्यासाठी वेगळा धागा काढा, त्यात नळाचं पाणी कसं आहे आणि खिडकी कुठल्या दिशेची हे लिहा. दोघी-तिघींकडे आहे, सांगतील.